कड्यावरचा दिक्तामो

"आणखी जरा सोड!" मानूसोसनं वर हाक दिली.

दोर हातभर सैल झाला आणि त्याचे पाय कपारीला टेकले. उभं राहण्यापुरतीच जागा. डावीकडे ती निमुळती होत रानशेळ्यांच्या वाटेला मिळत होती. समोर, कातळाच्या भेगेत, दिक्तामो फुलला होता. गोल राखाडी पानांवर लोकरीसारखी लव आणि खाली लोंबणारे गुलाबी तुरे. बुडाशी चिमूटभरही माती नाही. लवेत अडकलेल्या दवावरच हे झुडूप जगतं, असं जुनी माणसं सांगत.

त्यानं सुरी काढली. मुळाला धक्का न लावता नुसते शेंडे कापायचे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा फुटतं. पोटदुखीला, चिघळलेल्या जखमेला, अडलेल्या बाळंतिणीला, घरोघरी दिक्तामो लागायचाच.

वर सिफिस होता, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. कड्याचा माथा शेळीच्या पाठीसारखा अरुंद, दोन्ही अंगांना दरी. मधोमध एकच खुजं सरूचं झाड. दोराचा त्याला एक वेढा. एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला, दुसरं वर थांबणाऱ्याच्या. गावाची रीतच तशी. आणि दोरावर असताना पडण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हीही रीतच. नाव काढलं की दरी ऐकते म्हणत.

"मानूसोस, कालची गंमत सांगू?" वरून आवाज आला.

"सांग की."

"मी दिक्तामोचं पोतं घरात आणून टाकलं, तर आमची अरेती उठून अंगणात गेली. जेवायलासुद्धा आत आली नाही."

मानूसोसची सुरी थांबली.

पोटुशी बाई दिक्तामो ठेवलेल्या घरात थांबत नाही. नुसत्या वासानंही वेळेआधी कळा सुरू होतात, असं बायका म्हणत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि अरेती, सिफिसची धाकटी बहीण, अजून बिनलग्नाची होती.

"उकडत असेल तिला," तो कसाबसा म्हणाला.

"असेल बाबा. आईही आधी तेच म्हणाली. आज सगळे काका यायचेत घरी. तूही यायचंयस."

"मी कशाला?"

"शेळ्यांचं दूध काढायला! कशाला म्हणे. गाढव कुठला!"

सिफिस मोठ्यानं हसला. सिफिसच्या काकांनी अब्रूचं भांडण बोलून मिटवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या भिंतीवरच्या बंदुका शोभेच्या नव्हत्या.

अरेतीला त्यानं शब्द दिला होता, 'तुझ्या भावाशी मीच बोलतो.' रोज बोलायला जाई आणि रोज हवापाण्याच्या गप्पा मारून परत येई. तिकडे तिचं पोट काही थांबणार नव्हतं. आता सांगायलाच हवं.

"सिफिस, ऐक ना. मला तुला एक..."

वर काहीतरी सरकलं. दगड घरंगळल्याचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला, पण मानूसोसच्या अंगावरून एक खडाही गेला नाही. त्याच क्षणी दोर ताडकन ताणला, कमरेत रुतला आणि त्याच्या टाचा कपारीवरून उचलल्या गेल्या.

"ए! काय करतोयस?"

त्यानं मान वर करून पाहिलं.

"सिफिस!"

"हलू नकोस." आवाज लांबून आल्यासारखा, दात आवळून काढलेला. मघाचं हसू त्यात औषधालाही नव्हतं.

"दोर सैल कर, लागतंय मला!"

"नाही."

"मग वर तरी घे!"

"बोलू नकोस. पाय रोव."

एक हिसका बसला. थोड्या वेळानं दुसरा. दर हिसक्याला तो वर खेचला जाई आणि पायांची बोटं दगडावर खरडत. मानूसोसच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. आधी कपारीवरून पाय सुटू द्यायचे, मग वरून दोर कापायचा. दिक्तामोपायी कड्यावर माणसं जिवाला मुकतातच. कोण विचारणार?

"मी लग्न करणार आहे तिच्याशी! आईची शपथ, सिफिस! आजच सांगणार होतो!"

वर नुसती धाप ऐकू आली.

"नंतर," सिफिस म्हणाला. आणि आणखी एक हिसका, आधीपेक्षा जोराचा.

नंतर म्हणजे कधी? मानूसोसनं डावीकडे पाहिलं. रानशेळ्यांच्या वाटेनं कातळाला चिकटून गेलं, तर खालचा मठ गाठता येईल. तिथून अरेतीला निरोप धाडायचा, तिला घेऊन बेट सोडायचं. लेकरू परमुलखात जन्मेल, पण बापाच्या मांडीवर खेळेल.

त्यानं डाव्या हाताची बोटं भेगेत खोल रुतवली, दिक्तामोच्या मुळाशेजारी. उजव्या हातानं सुरी दोराला लावली. दोर इतका ताठ होता, की पातं टेकताच पीळ तटातट उलगडू लागले.

"पोचलोच मी!" सिफिस ओरडला. "ऐकतोयस ना? पोचलोच!"

मानूसोसनं डोळे मिटून शेवटचा पीळ कापला.

तुटलेलं टोक खाली लोंबलं नाही. ते सळसळत वर गेलं, सरूच्या बुंध्याभोवती खरखरलं, आणि माथ्यापलीकडच्या दरीत सिफिसची किंकाळी खाली खाली जात राहिली.