सैल गाठ

दर्ग्याच्या जाळीला वर्षापूर्वी बांधलेला आपला दोरा दस्तगीरला काही सापडेना. लाल, पिवळे, उन्हापावसाने विटलेले, एकमेकांत गुंतलेले शेकडो दोरे होते, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांनी बार्शीहून आणलेली टेम्पो ट्रॅव्हलर हॉर्नवर हॉर्न देत होती. कोंढव्याच्या हॉलवर दोन वाजता लेकीचा निकाह होता. बारा वाजून गेले होते.

खरं तर त्याच्या बायकोने, मैमूनाने, आधीच सांगितलं होतं की लग्न उरकू द्या, दर्गे मग करा. पण सतरा माणसांची गाडी ठरवलीच आहे तर एका फेरीत सगळं होईल, असा दस्तगीरचा बेत. सकाळी वाटेत एक दर्गा झाला, उद्या वलीम्याचं जेवण आटोपलं की खेड शिवापूर, आणि मधला हा कसबा पेठेतला. हा मात्र चुकवून चालणार नव्हता. तहसीनला पुण्यातलं स्थळ मिळू दे, निकाहाला बसायच्या आधी तिला घेऊन येईन आणि माझ्या हाताने दोरा सोडीन, असं तो इथेच बोलून गेला होता. मन्नत पुरी होऊनही दोरा तसाच राहिला तर मिळालेलं टिकत नाही, असं त्यांच्याकडे सगळेच मानत.

तहसीन खांबाला टेकून उभी होती. कोपरापर्यंत मेंदी, अंगावर बापाने स्वतः शिवलेला लग्नाचा जोडा, डोक्यावर जांभळी ओढणी. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. कोंढव्याच्या सासरच्यांनी पुढचं पुढे बघू म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. मला आत्ता लग्न नको, असं ती एकदा बापाला म्हणाली, एकदा आईला. दोघांनी ऐकून घेतलं. त्यानंतर ती बोलायचीच थांबली आणि घराला हायसं वाटलं. मैमूनालाही वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

दोरा सापडत नाही म्हटल्यावर दर्ग्याचा म्हातारा मुजावर जागचा न हलता म्हणाला, "नाव घालून ठेवलं होतं का आपण त्यावर? कुठलाही एक सोडा. ज्याने ऐकायचं त्याने ऐकलेलं आहे."

दस्तगीरने हात घातला तो जाळीच्या कडेच्या झुबक्यात. तिथे जुन्या दोऱ्यांच्या वर एक नवा दोरा होता. जांभळा, त्यात चंदेरी जर. मैमूनाने तो पाहिला आणि तिची नजर आपोआप लेकीच्या ओढणीकडे गेली. दोरा ओढून काढला की कापड चुणतं, तसा ओढणीचा काठ एका ठिकाणी चुणला होता. मघाशी सगळे फातेहा ऐकत असताना तहसीन जाळीकडे तोंड करून उभी होती. ओढणी सावरत असेल, असं मैमूनाला वाटलं होतं.

आज, या घडीला, ही पोरगी दुसरं काय मागणार? हा निकाह होऊ नये, याशिवाय तिच्यापाशी मागण्यासारखं उरलंच काय होतं? तो नको, दुसरा सोडा, असं म्हणायला मैमूनाने तोंड उघडलं. सगळे वळून बघतील, का म्हणून विचारतील, या धास्तीने तसंच मिटलं.

दस्तगीरची बोटं गाठीवर थांबली. तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. त्या ओढणीचा काठ त्याने चार दिवस बसून लावला होता. डोळे मिटून हातात दिला असता तरी तो दोरा त्याने ओळखला असता. क्षणभर तो तसाच उभा राहिला, मागे न बघता. मग त्याने गाठ सोडली.

"झालं," तो म्हणाला. "मन्नत पुरी झाली."

दोरा त्याने मैमूनाच्या हातात दिला आणि लेकीच्या मनगटाला बांध म्हणाला, बरकत असते. देताना तो दोघींकडेही बघत नव्हता. मग हडपसरला लागलेल्या ट्रॅफिकबद्दल मुजावराशी मोठमोठ्याने बोलत तो चपला शोधायला पायऱ्या उतरला. बाकीची मंडळीही त्याच्यामागे निघाली.

मायलेकी दोघीच उरल्या. तहसीनने हात पुढे केला. मेंदीवर दोरा ठेवताना मैमूनाला रडू यायला लागलं, आणि आता रडून काही व्हायचं नाही हेही कळत होतं. तिकडे दोनशे माणसांचं जेवण चुलीवर चढलं होतं.

"दुपारी निकाहाचे वकील येतील, दोन गवाह येतील," ती हळूच म्हणाली. "तुला विचारतील, कबूल आहे का म्हणून."

"तेव्हा हो म्हणायचं असतं, अम्मी," तहसीन म्हणाली. "काल तूच शिकवलंस ना."

मैमूनाने गाठ मारली ती मुद्दामच सैल. गाडीत चढता-उतरता सुटून पडली तर पडू दे, निदान हे तरी बंधन लेकीवर नको. एवढंच तिच्या हातात होतं. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. तहसीनने मनगट तोंडाशी नेलं, दोऱ्याचं एक टोक दातांत आणि दुसरं मोकळ्या हातात धरलं, आणि गाठ आवळून घेतली.