माणसावर न भुंकणारा

"हा नको. हा भोकते," झामसिंग म्हणाला.

दुलीचंदने तिसरा कुत्रा परत खुंट्याला बांधला. "कुत्रा भोकणार नाही तं का करंल?"

"डुकरावर धावला पाहिजे. माणसावर नाही."

चौपन्न सालचा कार्तिक होता. धान पिकून उभं होतं आणि बोदलकशाच्या जंगलातून रानडुकरं रोज शेताच्या बांध्यांत उतरत होती. म्हणून झामसिंग आणि त्याची बायको रामकली बैलगाडी जुंपून दवनीवाड्याला आली होती. दुलीचंदचे कुत्रे डुकरांना भीत नाहीत, असं सारे सांगत.

आता दोनच उरले होते, एक काळा आणि एक भुरा. झामसिंगने डोक्यावरून पंचा ओढला, मागच्या दाराने बाहेर पडला आणि परक्यासारखा फाटकातून आत आला. काळा दात विचकून अंगावर गेला. भुऱ्याने पाय हुंगले आणि शेपूट हलवली.

"आणखी एक डाव पाहतो," म्हणत झामसिंग पुन्हा बाहेर गेला.

"वहिनी, असा कुत्रा काऊन पाहिजे तुमाले?" दुलीचंदने विचारलं.

रामकलीने फाटकाकडे पाहिलं. "तीन साल झाले, यायनं रागात आमच्या नंदलालले काठीनं मारलं. पोरगा बालाघाटकडं खाणीत निघून गेला. मागच्या पोळ्याले संध्याकाळी कोणी तरी आमच्या फाटकाशी आलं होतं. आमचा जुना कुत्रा धावला, तो माणूस पळाला. दुसऱ्याच दिवशी यायनं कुत्रा देऊन टाकला. आता डुकरांपायी कुत्रा तं पाहिजे, पर पोरगा आला तं कुत्र्यानं अडवू नये म्हणतेत."

"येईल तो, वहिनी."

"नाही येत, भाऊ." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मागल्या दिवाळीच्या मंडईच्या जत्रेत त्याच्या संगतीचा गडी भेटला. हैजाच्या साथीत नंदलाल एका दिवसात गेला म्हणे. मी तळ्यावर जाऊन रडली, तोंड धुतलं अन् घरी येऊन चूल पेटवली. यायले सांगितलं तं म्हणतीन, माझ्याच काठीनं पोरगा गेला. जीव देतीन ते. तुमी बोलू नका."

झामसिंग खाकरत आत आला. भुऱ्याने या वेळीही आवाज केला नाही. झामसिंग त्याच्यापुढे उकिडवा बसला. कुत्र्याने त्याचा हात चाटला, तसा त्याचा चेहरा उजळला.

"हाच, रामकली. पाह्य, किती गरीब आहे."

"हो. हाच चांगला," ती म्हणाली आणि गाडीत तणीस पसरायला गेली.

दुलीचंदने दोर झामसिंगच्या हाती दिला. तो म्हणाला, "बरा निवडला, दादा. नंदलाल आला तं हा त्याच्या अंगावर जाणार नाही."

झामसिंगने गाडीकडे पाहिलं. रामकलीची पाठ होती.

"तो येत नाही, दुलीचंद. दोन साल झाले. खाणीतून चिठ्ठी आली होती. तिरोड्यात वाचून घेतली अन् तसाच वैनगंगेवर जाऊन तिलांजली देऊन आलो." त्याने दोर मनगटाला गुंडाळला. "पर ती अजून त्याच्या वाट्याचा भात काढून ठेवते. तिले वाटते, येईल. वाटू दे."