तीसपर्यंत

"ओट्यावरचा हात काढ, आई. दुखऱ्या पायावर उभी राहा, तीसपर्यंत." वृंदा मोजू लागली.

मांडीचं हाड मोडल्यापासून माझी लेक रोज सकाळी माझा व्यायाम घेते. पायाखाली घडी घातलेली चादर असते. तिच्यावर उभं राहून तोल परत येतो.

चादरीची ही युक्ती आम्हाला जुनीच. ह्यांची बदली सिमल्याला झाली होती, तेव्हा सोळा वर्षांच्या वृंदानं बर्फावर स्केटिंग करताना पाय मोडून घेतला. प्लास्टर निघाल्यावर ती अशीच उभी राहायची आणि मी मोजायचे.

"आठ... नऊ... ताठ राहा, आजीबाई!" ती हसली. "नशीबवान आहेस. माझ्या डॉक्टरांनी बर्फ कायमचा बंद केला. तुझे म्हणतात, पळाल!"

"वृंदा, तुझे डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते."

"म्हणजे?"

"तीन महिन्यांनी खुशाल खेळू दे, म्हणाले होते. पुन्हा पडलीस, लंगडी राहिलीस, तर लग्न कसं जमणार, म्हणून मीच तुला खोटं सांगितलं."

तेव्हा मी ते खोटं सांगितलं, त्याच दिवशी तिनं व्यायाम सोडला होता आणि स्केट्स शेजारच्या मुलीला देऊन टाकले. मी दारातून बघत राहिले होते.

आता मोजणं थांबलं. माझा पाय थरथरू लागला. ओटा हाताशीच होता, पण धरायचा धीर होईना. वृंदा खिडकीबाहेर बघत होती.

"मी चाळीसपर्यंत उभी राहायला लागले होते, आई," ती म्हणाली.