सात मार्चची ओळ

टेबलाखाली यूपीएस बोंबलत होता आणि टेबलावर मावशींचा फोन. दोघांकडेही त्या लक्ष देत नव्हत्या.

"लेकाचा आहे," त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "वाजू दे. आज बटण दाबायला माणूस आणलाय."

दुरुस्तीवाल्याने यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून दहा मिनिटं झाली होती. सर्व्हर शहाण्यासारखा आवरून झोपला होता. यूपीएस मात्र गप्प व्हायचं नाव घेत नव्हता.

"दुखणं इथंच आहे, मावशी. लाइट गेली की सर्व्हरने आवरायचं आणि शेवटी यूपीएसला सांगायचं, आता तूही बंद हो. म्हणजे लाइट आली की दोघं आपोआप उठतात. हा बंदच होत नाही, त्यामुळे सर्व्हरला लाइट आल्याचं कळतच नाही. तो झोपलेलाच."

"आणि उठते मी! सर्व्हर दिसेनासा झाला की तिकडून याचा फोन. आई, लाइट आली की बटण दाब हं. तोवर फोन कानाला लावून बसायचं आणि हा विचारणार, जेवलीस का, गोळी घेतलीस का. अडला हरी नुसता!"

लेक सहा मार्चला नोकरीसाठी दूर गेला. आपल्या कामाचा सर्व्हर इथेच ठेवून गेला. निघताना म्हणाला, रोज फोन करीन. मावशींनी नाक उडवलं. "काम असेल तर कर. खुशाली विचारायला मी काय अंथरुणाला खिळलेय?" लेकही आईवरच गेलेला. बिनकामाचा एकही फोन त्याने केला नाही. मावशी तर करणारच नव्हत्या. दुरुस्तीवालाही त्याला न सांगताच बोलावला होता. तुझ्यावाचून अडत नाही, एवढं दाखवायचं होतं.

दुरुस्तीवाल्याने प्लग लावला, बटण दाबलं, सर्व्हरच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड टाकला. बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिला. मग हसला.

"बिघाड नाहीच, मावशी. यूपीएसला बंद हो म्हणणारी ओळ आहे इथे. कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलीय."

"कुणी? या खोलीत माझ्याशिवाय कोण येतंय?"

"खोलीतून नाही. बाहेरून केलंय. सात मार्चला. तोवर सगळं बरोबर चालत होतं. ओळीपुढची एक खूण पुसली की ती पुन्हा चालू. पुसू?"

मावशींनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा घातला.

"नको. राहू दे तशीच."

"मग मला बोलावलं कशाला?"

"चहा प्यायला. पी आणि नीघ."

तो गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. गुडघे धरून टेबलाखाली वाकल्या आणि भिंतीतला प्लग उपटला. यूपीएसने बोंब ठोकली. सर्व्हरचे दिवे एकेक करून विझले. मावशींनी खुर्ची ओढली आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या.

फार वेळ लागला नाही.

"आई, मघाशी उचलला का नाहीस? पुन्हा लाइट गेलीय का?"

मावशींनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

"गेलीय रे," त्या म्हणाल्या. "आणि आज काही लवकर यायचं लक्षण दिसत नाही."