कोरडी खोली

धनुबाई बाळंतिणीच्या खोलीतल्या भिंतीला चुना फासायची आणि चार दिवसांत बुरशी पुन्हा वर यायची. तिचं तान्हं पोर खोकून खोकून लाल व्हायचं. सासूने समोरची कोरडी खोली मागितली, तर सासरे ओट्यावरूनच ओरडले, "तठे दादर ज्वारी भरेल शे. बुरशी शे ती, वाघ नही. पुसी टाका!"

बाजारातून ते परतले, तर ज्वारीची पोती बुरशीच्या काळ्या भिंतीला टेकलेली आणि पाळणा कोरड्या खोलीत.

"मन्ही दादर सडी जाई! कोनी करं हाई?"

सासऱ्याशी धनुबाई कधी बोलत नसे. आजही तिने पदर पुढे ओढला आणि मांडीवरच्या पोराला मोठ्याने सांगितलं, "बापू, तुन्हा आजाले सांग. बुरशी शे ती, वाघ नही. पुसी टाका."