निळ्या रंगाखाली

हॉलिसने तारा काढल्या, स्क्रू वाटीत टाकले आणि गिटार पालथी केली. "आधी रंग कसला आहे ते बघू. न बघता खरवडायला गेलं की लाकूडच खराब होतं."

मार्वा समोर स्टुलावर बसली. हॉलिस तिच्या वडिलांचा मोटार कारखान्यातला आणि बँडमधला जुना सोबती. वडिलांना पुरून नऊ दिवस झाले होते. गिटार त्यांची. सहा वर्षांची असताना मार्वाने खिळ्याने गिटारीच्या पाठीवर आपलं नाव कोरलं होतं. पुढे बाबांनी गिटार निळी रंगवली. "नाव आत तसंच आहे," बाबा चाळीस वर्षं सांगत आले. "पुसलं जाऊ नये म्हणून वरून रंग दिलाय." दवाखान्यातही शेवटी तेच म्हणाले. आज तिला ते बघायचं होतं.

हॉलिसने कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून एका कोपऱ्यात घासला. काही झालं नाही. मग थिनर लावलं. बोळा निळा झाला. त्याने वास घेतला आणि हसला.

"आपल्या कारखान्यातला, मोटारीचा रंग. तुझ्या बापाने, ऑरिनने, जेवणाच्या डब्यातून लपवून आणलेला असणार. या फ्लिंट गावात तेव्हा निम्म्या गिटारी गाड्यांच्या रंगाच्या होत्या."

"आणि त्याखाली?"

"लाल. गिटारीचा मूळचा. हा थिनरला दाद देत नाही, बघ. त्यात काही कोरलेलं असेल तर जसंच्या तसं सापडेल."

मार्वाने स्टूल पुढे ओढलं.

हॉलिस चिंधीने निळा रंग उतरवत गेला. "तुझा बाप बँडमध्ये बेसूर वाजवायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. पण गिटारीवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला तर संध्याकाळभर बोलायचा नाही. आम्ही मुद्दाम हात लावायचो."

मग त्याचा हात थांबला. लाल रंगाच्या मधोमध तळहाताएवढा राखाडी डाग उघडा पडला होता. गुळगुळीत.

"हे काय, हॉलिसकाका?"

"लांबी. गाडीचे पोचे भरतात ती पुट्टी."

"ती खरवडा. नाव खाली असेल."

हॉलिसने चिंधी खाली ठेवली. "लांबी नुसत्या ओरखड्यावर भरत नाहीत, पोरी. तशी भरली तर ओरखडा पुन्हा वर दिसतो. आधी तो पार लाकडापर्यंत घासून काढायचा, कडा उतरत्या करायच्या, मग भरायची. रंगखात्यात पहिल्या आठवड्यात आम्हाला हेच शिकवलं."

"म्हणजे खाली काही नाही."

"नाही."

त्याने डागाच्या कडेवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. जुन्या सवयीने बोलून गेला, "कड हाताला लागतसुद्धा नाही. काय काम केलंय. हाताने घासलंय सगळं. याला तीन रविवार तरी गेले असतील."

"चार," मार्वा म्हणाली. "तळघराचं दार आतून लावून घ्यायचे. मी जिन्यावर बसून घासण्याचा आवाज ऐकायचे. वाटायचं, माझ्यासाठीच काहीतरी चाललंय आत."

हॉलिसने अंगठा उचलला.