सर्वांत खालचा थर

गालावरच्या हसण्याच्या रेघा सुईने भरून घेण्याआधी त्यांचं वाचन पाहणं नियमाने बंधनकारक होतं. शरयू धामणकरांना घाई होती; मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

"दाखवा पटकन, डॉक्टर. आजवर किती फिदीफिदी हसले, तेच ना?"

डॉ. हर्षा टिळेकरांनी यंत्र गालाला टेकवलं. प्रत्येक हसण्याने त्वचेच्या घडीत सोडलेली खूण थराथराने उलगडू लागली. पडद्यावर शरयूताईंचाच चेहरा हसत हसत लहान होत गेला. कॉलेजातली शरयू, परकरातली शरयू आणि सर्वांत खालच्या थरात चार महिन्यांचं बाळ. हसताना त्याच्या ओठांचा डावा कोपरा आधी वर गेला, उजवा मागून.

"झोपेत सटवाई हसवत असेल," शरयूताई म्हणाल्या.

"नाही काकू, डोळ्यांभोवतीचे स्नायू बघा. बाळ जागं आहे. या वयात ते समोरच्या चेहऱ्याची नक्कल करतं."

"समोर कोण असणार?" म्हणता म्हणता शरयूताई थांबल्या. त्या सहा महिन्यांच्या असताना आई गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. ती कशी हसायची, हे सांगणारंही आता कोणी उरलं नव्हतं.

गालावरच्या रेघेवर बोट ठेवत त्यांनी विचारलं, "रेघ भरल्यावर हा थर राहतो?"

"नाही. विरघळून जातो."

"मग ती सुई ठेवा बाजूला," शरयूताई पडद्यावरची नजर न हटवता म्हणाल्या, "आणि आई पुन्हा दाखवा."